एका उड्डाणामागचं गाव

सकाळची पहिली उड्डाणं सुरू व्हायच्या आधी लढाऊ विमानांच्या तळावर एक मजेशीर दृश्य दिसतं. वीस-तीस माणसं आडव्या ओळीत, एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून, माना खाली घालून हळूहळू चालत असतात. कुणाची अंगठी हरवलीय की काय, असं बघणाऱ्याला वाटावं. मध्येच कुणीतरी वाकतं, काहीतरी उचलतं आणि कमरेच्या पिशवीत टाकतं. पिशवीत शेवटी काय जमतं? खडे, तारेचा तुकडा, एखादा नट, बॅगेच्या चाकाचं रबर, पेनाचं टोपण. या ओळीत नवखा मेकॅनिक असतो, तसा हुद्द्याने मोठा अधिकारीही असतो.

तळावरच्या बोलीत या कचऱ्याला ‘फॉड’ म्हणतात. जिथे असायला नको तिथे पडलेली कुठलीही वस्तू म्हणजे फॉड. जेट इंजिन हवा अक्षरशः ओरबाडून आत घेतं. एफ-१६ सारख्या विमानाचं तोंड तर पोटाखाली, जमिनीपासून फार उंच नसतं. आत गेलेला नट वेगाने फिरणाऱ्या पात्यावर आदळला की पात्याला खाच पडते, पातं तुटलं तर मागची पातीही त्याच्याबरोबर जातात आणि मग इंजिनच गेलं. हा फक्त लष्करी प्रश्न नाही. २५ जुलै २००० रोजी पॅरिसमध्ये काँकॉर्डला अपघात झाला, त्याची सुरुवात आधी उडालेल्या विमानातून धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या एका पट्टीने झाली. पट्टीवरून गेलेला टायर फुटला, त्याचा तुकडा पंखातल्या टाकीवर आदळला. ११३ माणसं मेली.

हवाई तळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धावपट्टी आणि विमानं येतात. मला वाटतं तळ समजून घ्यायचा तर विमानांकडे थोडा वेळ पाठ करून या ओळीकडे पाहावं. तळ ही विमानं ठेवायची जागा आहे, हे खरं असलं तरी फार अपुरं आहे. तळ हा एक कारखाना आहे आणि त्यातून बाहेर पडणारा माल म्हणजे उड्डाण. लष्करी भाषेत ‘सॉर्टी’: एका विमानाचं एकदा जाणं आणि परत येणं. तळावर किती विमानं उभी आहेत, यापेक्षा तो तळ दिवसाला किती सॉर्टी काढू शकतो, आणि किती दिवस काढत राहू शकतो, हा आकडा महत्त्वाचा. तिथलं प्रत्येक खातं, स्वयंपाकघरापासून रडारपर्यंत, शेवटी याच एका आकड्यासाठी राबत असतं.

विमान जमिनीवर असताना

लढाऊ विमान हवेत तास-दीड तास असतं. उरलेल्या दिवसात त्याच्याभोवती माणसांचा राबता असतो. उतरल्या उतरल्या टायर, ब्रेक, गळती बघायची, तेल मोजायचं, वैमानिकासाठीचा ऑक्सिजन तपासायचा, इंधन भरायचं, शस्त्रं लावायची. हे सगळं किती पटकन उरकतं यावर त्या विमानाची आज दुसरी फेरी होणार की नाही, हे ठरतं. स्वीडनने आपलं ग्रिपेन विमान बनवताना ही गोष्ट आराखड्यातच धरली: हवेतल्या लढाईसाठी ते दहाएक मिनिटांत पुन्हा तयार व्हायला हवं, आणि तेही एक प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि सक्तीच्या लष्करी सेवेतली पाच पोरं एवढ्या बळावर. विमान किती वेगाने उडतं याचे तक्ते सगळीकडे छापले जातात. ते किती वेगाने पुन्हा उडतं, याची चर्चा फार कमी होते.

घाई असली तरी हत्यारांच्या बाबतीत कुणालाही सूट नसते. मेकॅनिकची पेटी उघडली की आत फोमचा जाड थर दिसतो आणि त्यात प्रत्येक पाना, पक्कड, टॉर्च यांच्या नेमक्या आकाराची खाच कापलेली असते. खाच रिकामी दिसली की हत्यार बाहेर आहे, इतकं साधं. काम संपल्यावर एक जरी खाच रिकामी राहिली तरी विमान उडत नाही. हत्यार सापडेपर्यंत सगळे शोधत बसतात, गरज पडली तर विमानाचे भाग पुन्हा उघडतात. एका स्क्रू ड्रायव्हरसाठी अख्ख्या विमानाला थांबवणं वरवर हास्यास्पद वाटतं. पण तो स्क्रू ड्रायव्हर हवेत कलंडलेल्या विमानात सरकत जाऊन नियंत्रणाच्या दांड्यांमध्ये अडकला, तर वैमानिकाला दांडा हलवताच येत नाही.

इंधनाचा पसारा आकड्यांशिवाय ध्यानात येत नाही. एफ-३५ए च्या पोटात आठ टनांहून थोडं अधिक इंधन मावतं. बी-५२ या जुन्या पण अजून सेवेत असलेल्या बॉम्बफेकी विमानात सुमारे १४० टन. म्हणजे रस्त्यावरून जाणारे सहा-सात मोठे टँकर एका विमानात रिकामे करायचे. म्हणून मोठ्या तळांखाली इंधनाच्या नळांचं जाळं असतं आणि विमान उभं राहतं तिथेच जमिनीतून जोडणी मिळते. पण इतक्या मोठ्या व्यवस्थेचा भरवसा शेवटी एका काचेच्या बरणीवर असतो. कर्मचारी टाकीच्या तळातून थोडं इंधन बरणीत काढतो, गोल फिरवून भोवरा करतो आणि उजेडाकडे धरतो. पाणी किंवा गाळ असेल तर भोवऱ्याच्या बुडाशी गोळा होतो. इंधन नितळ आणि चकचकीत दिसलं तरच पुढे. याचं कारण सोपं आहे. खूप उंचावर बाहेरची हवा उणे पन्नास अंशांपर्यंत असते, तिथे इंधनातल्या पाण्याचे बर्फाचे कण होतात आणि गाळणी तुंबते. शिवाय पाणी आणि इंधन यांच्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू आरामात वाढतात, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं.

दारूगोळ्याचा विभाग तळाच्या एका कोपऱ्यात, सगळ्यांपासून लांब असतो. कोठारांवर मातीचा जाड ढीग असतो आणि दोन कोठारांमधलं, कोठार आणि वस्तीमधलं अंतर आत किती स्फोटक आहे यावरून ठरतं. एक फुटलं तर शेजारचं फुटू नये, हा हिशोब. अनेकांची समजूत असते की बॉम्ब तयार स्थितीत रांगेत ठेवलेले असतात. तसं नसतं. स्फोटकाने भरलेलं लोखंडी कवच वेगळं, स्फोट घडवणारा फ्यूज वेगळा, दिशा देणारी शेपटी आणि इलेक्ट्रॉनिक्स वेगळी. आजच्या मोहिमेला काय हवं ते ठरल्यावर त्यांची जोडणी होते. शस्त्रं लावलेलं विमान धावपट्टीच्या टोकाशी पोचलं की तिथे एक शेवटची टोळी उभी असते. ती लाल फिती लावलेल्या सुरक्षा पिना काढते आणि हातात उंच धरून वैमानिकाला दाखवते. वैमानिक मोजतो. मगच विमान पुढे सरकतं.

पॅराशूट घड्या घालणारे, वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची सांभाळणारे, हवामान बघणारे, अग्निशमनवाले, गवत कापणारे यांच्यावर प्रत्येकी एकेक लेख होईल. गवताचंच घ्या: ते किती उंच ठेवायचं याचे नियम असतात. फार आखूड असलं तर किडे आणि उंदीर टिपायला पक्षी उतरतात. वीतभर उंच ठेवलं तर आजूबाजूचं दिसत नसल्यामुळे कळपाने फिरणारे पक्षी तिथे बसायला कचरतात. काही तळांवर पक्षी हाकलायला शिकवलेले ससाणे असतात.

पहाऱ्यावरचे

शांततेच्या काळातही काही तळांवर एक काम चोवीस तास चालू असतं. दोन विमानं इंधन आणि शस्त्रांसह तयार उभी, शेजारच्या खोलीत वैमानिक अर्ध्या गणवेशात झोपलेले. घंटा वाजली की पळायचं. युरोपात अशी विमानं साधारण पंधरा मिनिटांच्या आत हवेत असावीत अशी अपेक्षा असते. लिथुआनिया, लॅटव्हिया आणि एस्टोनिया या देशांकडे स्वतःची लढाऊ विमानं नाहीत, म्हणून २००४ पासून नाटोचे इतर देश आळीपाळीने आपली विमानं तिथे पाठवतात आणि लिथुआनियातल्या शाउलेई तळावरून पहारा देतात.

घंटा वाजली म्हणजे लढाई, असं नसतं. पुष्कळदा एखादं प्रवासी विमान रेडिओला उत्तर देईनासं झालेलं असतं. लढाऊ विमान जवळ जातं, खिडकीतून डोकावतं, पंख डुलवतं. जगभर त्याचा अर्थ एकच: तुला अडवलं आहे, माझ्यामागे ये.

बंदर, दवाखाना, आणि लांबून चालणारं विमान

लढाऊ विमानांचं आकर्षण एवढं असतं की मालवाहू विमानांचे तळ कुणाच्या लक्षात राहत नाहीत. इतिहासाने मात्र त्यांची पुरती कसोटी घेतली आहे. १९४८ च्या जूनमध्ये सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद केले. वीस लाखांहून जास्त माणसांचं शहर विमानांनी जगवायचं, असं अमेरिका आणि ब्रिटनने ठरवलं. सुमारे पंधरा महिन्यांत २,७७,००० च्या वर उड्डाणं झाली आणि तेवीस लाख टनांच्या आसपास माल उतरला. त्यातला मोठा वाटा अन्नाचा नव्हता, कोळशाचा होता.

यात अडचण विमानांच्या संख्येची होती, तितकीच जमिनीवर वाया जाणाऱ्या मिनिटांची होती. वैमानिक उतरून चहा-नाश्त्याला आणि हवामानाची माहिती घ्यायला इमारतीत जायचे, विमान तोवर उभं. जनरल विल्यम ट्यूनर यांनी सूत्रं हातात घेतल्यावर हुकूम काढला: कुणीही विमानापासून दूर जायचं नाही. खाण्याची गाडी आणि हवामानवाला विमानाकडे येईल. टेंपलहोफ आणि गॅटो हे दोन तळ पुरेनात म्हणून टेगेल इथे तीनएक महिन्यांत तिसरा उभा केला. एप्रिल १९४९ मध्ये एका चोवीस तासांत १,३९८ उड्डाणांचा आकडा गाठला गेला. त्यानंतर महिनाभराच्या आत नाकेबंदी उठली. बर्लिन कुणी वाचवलं या प्रश्नावर वैमानिकांची नावं घेतली जातात. मी त्यात कोळशाची पोती उतरवणाऱ्यांनाही धरीन.

आजही मोठा तळ एकाच वेळी बंदर, धर्मशाळा आणि दवाखाना असतो. जर्मनीतल्या रामश्टाइन तळाजवळच लँडश्टूलचं लष्करी रुग्णालय आहे. इराक आणि अफगाणिस्तानातल्या जखमींना विमानाने तिथे आणलं जायचं. वाटेत विमान म्हणजे उडता अतिदक्षता विभागच. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलहून माणसं बाहेर काढताना एका सी-१७ विमानात ८२३ जण दाटीवाटीने बसले होते. अशी विमानं जिथे उतरतात त्या तळाला रातोरात खाटा, पाणी, संडास, डॉक्टर, दुभाषे आणि कागदपत्रं तपासणारे उभे करावे लागतात. तळाच्या कामाच्या यादीत हे कुठे लिहिलेलं नसतं, पण वेळ आली की करावंच लागतं.

टँकर विमानांचे, म्हणजे हवेतल्या हवेत दुसऱ्या विमानाला इंधन देणाऱ्या विमानांचे, तळ आणखी वेगळे. १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना फॉकलंड युद्धात ब्रिटनचं एक व्हल्कन बॉम्बफेकी विमान अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावरून निघालं आणि सहा हजार किलोमीटरहून लांब असलेल्या, अर्जेंटिनाने ताब्यात घेतलेल्या पोर्ट स्टॅन्लीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकून परत आलं. त्या एका विमानासाठी अकरा व्हिक्टर टँकर लागले, कारण टँकरलाच वाटेत दुसऱ्या टँकरकडून इंधन घ्यावं लागत होतं. टाकलेल्या एकवीस बॉम्बपैकी एक धावपट्टीवर पडला. अर्जेंटिनाची मालवाहू विमानं त्यानंतरही तिथे उतरत राहिली. या मोहिमेचं मोल काय, यावर अजून वाद घातला जातो.

ड्रोनमुळे तर तळाचे दोन तुकडे झाले आहेत. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात क्रीच नावाचा तळ आहे. तिथल्या बंद खोलीत बसलेला वैमानिक जगाच्या दुसऱ्या टोकाला उडणारं रीपर ड्रोन चालवतो. पण उड्डाण आणि उतरणं सहसा तो करत नसे. उपग्रहामार्गे जाणारा संदेश पोचून चित्र परत यायला सेकंदभराच्या आसपास वेळ जातो. दहा हजार फुटांवर तेवढा उशीर चालून जातो, धावपट्टीला चाक टेकताना चालत नाही. म्हणून ड्रोन जिथून निघतं त्या तळावर एक छोटी तुकडी ते हवेत चढवून द्यायची आणि परतीला पुन्हा आपल्या हातात घ्यायची.

तळाचं दुखणं

विमान हवेत असतं तेव्हा चपळ, जमिनीवर असतं तेव्हा पातळ पत्र्याचं, इंधनाने भरलेलं, जागचं न हलणारं लक्ष्य. आणि तळाचा पत्ता तर शत्रूला नकाशावर ठाऊकच असतो.

७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरमध्ये विमानं पंखाला पंख लावून उभी होती. घातपात करायला कुणी आत शिरलं तर पहारा सोपा जावा, म्हणून मुद्दाम तशी ठेवलेली. जपानी वैमानिकांना यापेक्षा सोपं काही मिळालं नसतं. अमेरिकेची १८८ विमानं नष्ट झाली. ५ जून १९६७ ला इस्रायलने हाच धडा इजिप्तला दिला. हल्ल्याची वेळ निवडली ती पहाटेची गस्त संपवून इजिप्तची विमानं उतरल्यानंतरची. आधी खास बॉम्बनी धावपट्ट्या फोडल्या, मग अडकून पडलेली विमानं. त्या दिवशी इजिप्तने तीनशेच्या आसपास विमानं गमावली, त्यातली बहुतेक जमिनीवरच.

यावरून बोध घेऊन पुढच्या दशकात युरोपभर काँक्रीटच्या जाड कमानींची विमानघरं उभी राहिली, एकात एक किंवा दोन विमानं. १९९१ च्या आखाती युद्धात लेसरने नेम धरणाऱ्या बॉम्बनी इराकची तशीच घरं छतातून भेदली. मग भिंत जाड करावी की विमानं विखरावी? स्वीडन आणि फिनलंडने विखरण्यावर भर दिला. तिथे महामार्गाचे सरळ पट्टे गरज पडताच धावपट्टी होतात, बाजूच्या झाडीत विमान लपवायचं, ट्रकमधून इंधन आणि क्षेपणास्त्रं आणायची. अमेरिकाही आता मोठ्या तळांवरून लहान-लहान ठिकाणी पांगण्याचा सराव करते. पण पांगायचं म्हणजे इंधन, हत्यारं, बरणी, खाचांची पेटी, सगळंच पांगवायचं. कागदावर ही गोष्ट जितकी सुटसुटीत दिसते तितकी ती नाही.

१ जून २०२५ ला प्रश्न आणखी अवघड झाला. युक्रेनने रशियाच्या आतवर नेलेल्या ट्रकांमधून छोटे ड्रोन सोडले आणि सैबेरियातल्या बेलायासह अनेक तळांवरच्या बॉम्बफेकी विमानांवर हल्ला केला. बेलाया युक्रेनपासून चार हजार किलोमीटरहून दूर आहे. युक्रेनने ४१ विमानांना फटका बसल्याचा दावा केला. उपग्रहचित्रं बघून केलेले बाहेरचे अंदाज त्याहून बरेच कमी होते. आकडा कुठलाही धरा, अंतर म्हणजे संरक्षण हा हिशोब त्या दिवशी मोडला. त्यामुळे आता साधी जाळी, पातळ पत्र्याची छपरं आणि ड्रोनचे रेडिओ संदेश जाम करणारी यंत्रं यांना एकदम भाव आला आहे.

धावपट्टी फुटली तरी तळ संपत नाही. पण खड्डा बुजवणं म्हणजे माती लोटणं नव्हे. आधी न फुटलेले बॉम्ब शोधायचे. मग सगळी धावपट्टी दुरुस्त करायच्या फंदात न पडता, नकाशावर खड्डे मांडून लढाऊ विमानाला पुरेल असा साधारण १,५०० मीटर लांब आणि १५ मीटर रुंद पट्टा कुठे सर्वांत कमी खड्ड्यांत मिळतो ते बघायचं. खड्ड्याभोवतीचं काँक्रीट स्फोटाने वर उचललेलं असतं, ते कापून काढायचं, खडी भरून दाबायची, वर लवकर सुकणारं सिमेंट किंवा फायबरची चटई. १९७१ च्या डिसेंबरमध्ये भूजची धावपट्टी पाकिस्तानी बॉम्बनी निकामी झाली, तेव्हा यातलं एकही आधुनिक साधन हाताशी नव्हतं. तळाचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक यांनी शेजारच्या माधापर गावाकडे मदत मागितली. तीनशेच्या आसपास बायका आल्या आणि ७२ तासांत धावपट्टी पुन्हा वापरात आली.

शत्रू नसतानाही तळ जायबंदी होतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये मायकेल चक्रीवादळ फ्लोरिडातल्या टिंडल तळावरून गेलं. उडण्याजोगी विमानं आधीच दुसरीकडे नेली होती; दुरुस्तीसाठी उघडलेली सतरा एफ-२२ हँगरमध्येच सोडावी लागली. हँगरची छपरं उडाली, तळावरची जवळपास प्रत्येक इमारत मोडली. वादळ येणार हे दोन दिवस आधी माहीत होतं, पण अर्धवट उघडलेलं विमान उडवणार कसं?

कुंपणापलीकडे

तळाभोवतीच्या वस्तीला त्याचा सगळ्यात आधी जाणवणारा त्रास म्हणजे आवाज. रात्रीच्या सरावाच्या वेळा, इंजिनाची चाचणी घ्यायला बांधलेली आवाज शोषणारी बंद शेड, गावावरून न जाणारे उड्डाणमार्ग, असे उपाय केले जातात. ते अर्धेमुर्धे उपयोगी पडतात.

न दिसणारा त्रास जास्त चिवट निघाला. इंधनाची आग पाण्याने विझत नाही, म्हणून अग्निशमन दलं अनेक दशकं एक खास फेस वापरत आली. तो तेलावर पातळ पडदा धरतो आणि आग काही सेकंदांत गुदमरते. त्यातली फ्लोरिनयुक्त रसायनं, ज्यांना पीफास म्हणतात, निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत. तळावर सरावासाठी एक ठरावीक खड्डा असतो. त्यात इंधन ओतायचं, पेटवायचं, फेसाने विझवायचं, वर्षानुवर्षं त्याच जागी. तो फेस जमिनीत मुरत गेला, तिथून भूजलात आणि भूजलातून आसपासच्या विहिरींत. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी यातल्या दोन मुख्य रसायनांची जी मर्यादा ठरवली, ती आहे एक लाख कोटी भागांत ४ भाग.

आता बरेच तळ फ्लोरिन नसलेल्या फेसाकडे वळत आहेत. पण अग्निशमन गाडीची टाकी रिकामी करून नवा फेस भरला की झालं, असं होत नाही. जुनी रसायनं टाकीच्या आणि नळ्यांच्या आतल्या बाजूला चिकटून राहतात. म्हणून टाकी पुन्हा पुन्हा धुवायची, प्रत्येक वेळी पाण्याचा नमुना तपासायला पाठवायचा, आणि ते धुतलेलं पाणीही गटारात न सोडता साठवून ठेवायचं.